धावत्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात का? हे शोधायला त्याने एका रांगेत १२ कॅमेरे लावले

पळणाऱ्या मुलाचा किंवा मॅचचा फोटो काढला आणि हातपाय धुरकट आले, असं बऱ्याचदा होतं. कारण असतं शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश किती वेळ आत येतो ते. हा तिढा सुमारे १५० वर्षांपूर्वी एका माणसाने सोडवला होता. त्याचं नाव एडवर्ड मायब्रिज.

जन्म १८३० चा, इंग्लंडमधल्या किंग्स्टनचा. तरुणपणी अमेरिकेत गेला. १८६० मध्ये टेक्सासमध्ये घोडागाडीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागला. त्यातून सावरला आणि पुढे योसेमिटी खोऱ्याच्या फोटोंनी नावारूपाला आला.

१८७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेसम्राट लेलँड स्टॅनफर्ड यांनी त्याला एक काम दिलं. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे फोटोतून दाखवायचं होतं.

मध्येच आयुष्याने वेगळं वळण घेतलं. १८७४ मध्ये मायब्रिजने पत्नीच्या प्रियकराला गोळी घालून ठार केलं. खटला चालला, पण १८७५ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं.

त्यानंतर आला जून १८७८. पालो आल्टोच्या ट्रॅकच्या कडेला १२ कॅमेरे, समोर पांढरा पडदा आणि ट्रॅकवर आडवे ताणलेले दोरे. घोडी पळाली, एकेक दोरा तुटत गेला आणि विजेच्या जोडणीमुळे एकेक शटर पडत गेलं.

आता गणित बघा. घोडीचा वेग ताशी साधारण ५८ किलोमीटर. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात ती सुमारे २७ सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे फोटो धुरकट. १/१००० सेकंदात मात्र फक्त दीड सेंटीमीटरच्या आसपास. मायब्रिजची शटर्स एवढी वेगवान होती. पण वेग वाढला की प्रकाश कमी पडतो. म्हणून भरपूर ऊन आणि पांढरा पडदा हवाच होता.

उत्तर मिळालं. चारही पाय हवेत असतात, पण चित्रकार दाखवायचे तसे पुढे-मागे ताणलेले नाही, तर पोटाखाली गोळा झालेले.

श्रेय मात्र निसटलं. १८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांनी या कामावर पुस्तक काढलं, मुखपृष्ठावर मायब्रिजचं नाव नव्हतं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापायचं थांबवलं. तो कोर्टात गेला आणि हरला.

तरी तो थांबला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने माणसं आणि प्राणी यांच्या हालचाली टिपल्या. १८८७ मध्ये त्याच्या ७८१ प्लेट्स प्रसिद्ध झाल्या, स्वतःच्या नावावर. १९०४ मध्ये किंग्स्टनमध्येच त्याचं निधन झालं.

आज मोबाईलच्या प्रो मोडमध्ये १/१००० निवडायला एक सेकंद लागतो. पण मायब्रिजचा नियम तोच आहे. शटरचा वेग वाढवायचा, तर आधी प्रकाशाची सोय करा.