'खुशाब'वरची धूळ

माझ्या टेबलावर गेले पाच महिने एक रणगाडा उभा आहे. तोफेसकट लांबी २८ सेंटिमीटर, म्हणजे नातीच्या कंपासपेटीशेजारच्या फूटपट्टीहून जेमतेम दोन बोटं कमी. खरा रणगाडा याच्या ३५ पट मोठा आणि वजनाला ५१ टनांच्या आसपास. माझा मात्र तळहातावर बसतो. प्लॅस्टिकच्या चौकटीतून ब्लेडने एकेक तुकडा कापायचा, कानस मारायची, चिकटवायचा, रंगवायचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, मी हे करत बसतो. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल घरात जे बोललं जातं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

हा रणगाडा आहे सेंच्युरियन. ब्रिटिश बनावटीचा, दुसरं महायुद्ध संपता संपता आकाराला आलेला. त्याचं मिटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचंच जमिनीवर उतरलेलं भावंड. आपल्या सैन्यात १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत तो लढला. पण मला कुठलाही सेंच्युरियन नको होता. मला हवा होता 'खुशाब', पूना हॉर्स या रिसाल्याच्या कमांडंटचा, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्जोरजी तारापोर यांचा.

रंग वाळल्यावर मी या छंदातल्या बहुतेकांना आवडणाऱ्या कामाला लागलो. रणगाडा जुना, रापलेला, लढून आलेला दिसावा म्हणून त्याला 'म्हातारा' करायचं काम. स्पंजच्या तुकड्याने कडांवर रंग उडाल्याचे ठिपके दिले. पातळ केलेला गडद तपकिरी तैलरंग फटीफटींत सोडला. मग हात मोकळा सुटला आणि मी गंज चढवत गेलो. धुराड्यावर गंज, पट्ट्यांवर गंज, बाजूच्या पत्र्यांवर गंजाचे ओघळ. दिसायला झकास झालं होतं. मोठ्या अभिमानाने मी ते तळमजल्यावरच्या काकांना दाखवायला नेलं. काका सैन्याच्या ई.एम.ई. शाखेत मेकॅनिक होते आणि ऐन उमेदीची वर्षं त्यांनी सेंच्युरियनच्या पोटात डोकं घालून काढली आहेत.

काकांनी चष्मा लावला, मॉडेल उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, की हा भंगारात कधी काढला? मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. चालत्या रिसाल्यातल्या रणगाड्याला गंज चढायला सवड नसते. गंज दिसला तर त्या क्रूची धडगत नसते. लढाईतल्या रणगाड्यावर असते ती धूळ, तेल भरताना सांडलेले काळे डाग आणि जवान रोज ज्या जागी पाय ठेवून चढतात तिथे बुटांनी झिजलेला रंग. पट्ट्यांचा जमिनीला लागणारा भाग तर घासून चांदीसारखा लखलखतो. शेवटी त्यांनी एक प्रश्न टाकला आणि मला घरी पाठवलं. हा रणगाडा कुठल्या तारखेचा आहे?

मला उत्तर देता आलं नाही. पाच महिने लागले ते या प्रश्नापायी. कारण धूळ किती, ओरखडे किती, मार कुठे बसलेला, हे सगळं तारखेवर ठरतं; आणि तारीख ठरवायची तर त्या माणसाचं आयुष्य वाचावं लागतं.

तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ चा, मुंबईतला. घराण्यात अशी हकीकत सांगितली जाते, की त्यांचे एक पूर्वज रतनजीबा शिवछत्रपतींच्या पदरी होते, महाराजांनी त्यांना १०० गावं इनाम दिली आणि त्यांतल्या मुख्य गावावरून तारापोर हे नाव आलं. पुढे घराणं हैदराबादला निजामाच्या चाकरीत गेलं. वडील तिथल्या जकात खात्यात होते. मुलाला मात्र सातव्या वर्षी पुण्याला सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात धाडलं. अभ्यासात अदी बेताचा. पोहणं, मुष्टियुद्ध, टेनिस, क्रिकेट यांत मात्र पुढे. १९४० मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा तो शाळेचा कॅप्टन होता. त्याच्या लहानपणाची एक आठवण सगळे चरित्रकार सांगतात. दावं तोडून उधळलेली गाय बहिणीच्या अंगावर धावून आली, तेव्हा सहा वर्षांचा हा पोरगा काठी घेऊन मध्ये उभा राहिला आणि त्याने गायीच्या नाकावर तडाखा हाणला. मोठेपणी वीर ठरलेल्यांच्या बालपणात अशा गोष्टी हमखास सापडतात, म्हणून मी त्या जरा हात राखूनच वाचतो. पण पुढची घटना वाचल्यावर गायीवरही विश्वास ठेवावासा वाटतो.

हैदराबाद संस्थानच्या फौजेत ते १९४२ मध्ये अधिकारी झाले, पण पायदळात. मन होतं घोडदळात, म्हणजे तोवर चिलखती गाड्यांवर आलेल्या रिसाल्यात. पायदळात ते कष्टी होते. एके दिवशी हातबाँब फेकण्याचा सराव चालू होता. एका नवशिक्या जवानाच्या हातून पिन काढलेला बाँब पुढे न जाता तिथल्या तिथेच पडला. तारापोरांनी उडी मारून तो उचलला आणि भिरकावला. हातातून सुटता सुटताच तो फुटला आणि त्याचे तुकडे छातीत घुसले. संस्थानी फौजेचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस हे पाहत होते. बरे झाल्यावर त्यांनी तारापोरांना बोलावून घेतलं, पाठ थोपटली. एखाद्याने बढती मागितली असती. यांनी बदली मागितली. अशा रीतीने ते पहिल्या हैदराबाद लान्सर्समध्ये आले आणि महायुद्धात त्या पलटणीबरोबर पश्चिम आशियात जाऊन आले.

१९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं. संस्थानी फौजा मोडल्या, त्यांतल्या निवडक अधिकाऱ्यांना भारतीय सैन्यात घेतलं गेलं आणि १९५१ च्या एप्रिलमध्ये तारापोर पूना हॉर्समध्ये रुजू झाले. पुण्याच्या शाळेतला मुलगा पुण्याचं नाव लावणाऱ्या रिसाल्यात आला.

या रिसाल्याबद्दल थोडं विषयांतर करतो, रविवार आहे. नाव पुण्याचं असलं तरी त्याच्या जन्माची कथा आपल्याला फारशी सुखाची नाही. जून १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळ्यात जो तह मारला, त्यात पेशव्याच्या खर्चाने पण इंग्रजांच्या हुकमतीखाली घोडदळ उभारायचं कलम होतं. तीच ही पूना ऑक्झिलियरी हॉर्स. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात ती पेशव्यांच्याच फौजेसमोर उभी होती! पुढे १८५७ च्या फेब्रुवारीत इराणातल्या खुशाब गावाजवळ मुंबईच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाचा चौकोन घोड्यांनिशी फोडला. ती पलटण कालांतराने, १९२१ मध्ये, पूना हॉर्समध्ये मिसळली आणि खुशाबचा मान या रिसाल्याकडे आला. रणगाड्यांना जुन्या लढायांची नावं द्यायची रीत इथे होती. कमांडंटच्या रणगाड्याला 'खुशाब' हे नाव त्यातूनच मिळालं. नातीने विचारलं, की रणगाड्याला इराणातल्या गावाचं नाव कशाला? तिला एवढं सगळं सांगेपर्यंत ती झोपली.

१९६५ च्या सप्टेंबरात तारापोर ४२ वर्षांचे होते आणि रिसाल्याचे कमांडंट होते. ८ सप्टेंबरला आपल्या सैन्याने सियालकोट आघाडी उघडली. काश्मीरवरचा ताण कमी करायचा तर शत्रूला त्याच्या घरात गुंतवून ठेवणं भाग होतं. पहिली आर्मर्ड डिव्हिजन त्या सपाट मुलखात शिरली. समोर अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते. आपल्या सेंच्युरियनपेक्षा ते नवे आणि त्यांचा दबदबाही जगभर.

११ सप्टेंबरला फिलोरा घ्यायची कामगिरी पूना हॉर्सकडे आली. समोरून न जाता पाठीमागून घाला घालायचा, म्हणून रिसाला फिलोरा आणि चविंडा यांच्यामधून घुसत होता. तेवढ्यात वजीरवालीच्या बाजूने शत्रूचे रणगाडे अंगावर आले. तारापोर आघाडीलाच होते. ते जागचे हलले नाहीत. तो हल्ला झेलून त्यांनी एक स्क्वाड्रन आणि पायदळाची एक बटालियन घेऊन फिलोरावर चाल केली. त्या दिवशी ते जखमी झाले. मागे जाऊन उपचार घ्यायला त्यांनी नकार दिला आणि हात गळ्यात बांधून ते पुन्हा रणगाड्यात चढले.

इथे काकांनी मला एक गोष्ट समजावली, ती पुस्तकात नव्हती. सेंच्युरियनच्या कमांडरची जागा बुरुजात वरच्या बाजूला. वर चढायचं तर दोन्ही हातांनी कडा धरून अंग उचलावं लागतं. उतरताना पाय चाचपत जागेवर टेकवायचा. धड हातांच्या माणसालाही दिवसातून दहादा चढउतार केली की खांदे भरून येतात. आत उकाडा, दारूचा धूर, कानठळ्या. एका हाताने हे सहा दिवस करायचं, असं काका म्हणाले आणि थोडा वेळ नुसतेच मॉडेलकडे पाहत राहिले.

१४ सप्टेंबरला त्याच जखमेनिशी त्यांनी वजीरवाली घेतलं. १६ तारखेला जस्सोरां आणि बुतूर-डोग्रांदी. चविंडावर पायदळाला पाठीमागून हल्ला करता यावा म्हणून या दोन जागा धरून ठेवणं गरजेचं होतं. 'खुशाब'वर एकामागून एक मारे बसत होते. तारापोरांनी जागा सोडली नाही. त्याच दिवशी त्यांना प्राणघातक जखम झाली. बुतूर-डोग्रांदीच्याच झुंजीत आठव्या गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराडही पडले. ते बेने इस्रायली होते. एक पारशी, एक ज्यू. एवढं होऊनही चविंडा आपल्या हाती आलं नाही आणि २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. हे शेवटचं वाक्य आपल्याकडच्या गौरवलेखांत सहसा गाळलेलं असतं. मला ते गाळावंसं वाटत नाही.

पूना हॉर्सने त्या सहा दिवसांत शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले, असं परमवीरचक्राच्या मानपत्रात नोंदलं आहे. परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांत हुद्द्याने सर्वांत वरचे तारापोरच. सहा वर्षांनी याच रिसाल्याच्या अरुण खेत्रपाल या २१ वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटला 'फामागुस्टा' नावाच्या सेंच्युरियनमध्ये असंच मरण आणि तेच पदक मिळालं. त्याचाही जन्म पुण्याचा.

लढाईच्या धामधुमीत तारापोरांनी एका सहकारी अधिकाऱ्याजवळ आपली निरवानिरव करून ठेवली होती, असं सांगतात. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्यावं, गळ्यातली साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडं आणि फाउंटन पेन मुलाला. आणि अंत्यसंस्कार रणभूमीवरच, अग्नी देऊन व्हावेत. पारशी माणसाच्या बाबतीत या शेवटच्या इच्छेचं वजन वेगळं आहे, कारण त्यांच्या धर्मात अग्नी पवित्र आणि मृतदेहाने तो विटाळायचा नाही. पण आपले जवान जसे जातील तसं आपण जायचं, असं बहुधा त्यांनी ठरवलं असावं; हा माझा तर्क, त्यांनी कारण सांगितल्याची नोंद मी वाचलेली नाही. इच्छेप्रमाणे त्यांना तिथेच अग्नी दिला गेला. त्या वेळी पलीकडच्या तोफाही गप्प राहिल्या, असं जुने लोक सांगत आले आहेत.

मी सगळा गंज खरवडून काढला. म्हणजे खरं तर सगळा रंगच काढला आणि हिरव्यापासून पुन्हा सुरुवात केली. तारीख ठरवली १४ सप्टेंबर, सकाळ. वजीरवालीला निघण्याआधी. तीन दिवसांची धूळ, पण रणगाडा अजून धडधाकट. १६ तारखेचा करावा असं एकदा मनात आलं होतं. भोकं पाडायला तापलेली सुई पुरते आणि त्या छंदातले लोक अशा मॉडेलचं फार कौतुकही करतात. सुई तापवली सुद्धा. हात पुढे गेला नाही.

मध्यंतरी अहमदनगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, जाऊन रणगाड्यांचं संग्रहालय पुन्हा पाहून आलो. १९९४ पासून ते तिथे आहे, आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्रही तिथलंच. सेंच्युरियनसमोर तासभर उभा राहिलो. आमच्यासारख्यांचा एक गोंधळ असतो: खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा मॉडेलवर दिला तर तो काळपट दिसतो, कारण एवढीशी वस्तू आपण जणू लांबून पाहत असतो आणि लांबचं सगळं फिकट दिसतं. म्हणून हिरव्यात थोडा पिवळट पांढरा मिसळायचा. धुळीसाठी मी खडू किसले, बदामी, राखी आणि किंचित पिवळा. चाकांच्या बाजूला दाट, वर जावं तसं विरळ. पाय ठेवायच्या जागा काकांनी पेन्सिलने दाखवल्या, तिथली धूळ बोटाने पुसली. पट्ट्यांच्या कडांवर शिसपेन्सिल घासली, तेव्हा कुठे लोखंडाची चमक आली. 'खुशाब' ही अक्षरं भिंगाखाली एका केसाच्या कुंचल्याने काढायला तीन संध्याकाळी गेल्या आणि तरीही 'ब' तिरका आलाय.

राहिला आहे तो माणूस. किटमध्ये कमांडरची पाच सेंटिमीटरहूनही बुटकी आकृती आहे, दोन्ही हात बुरुजाच्या कडेवर ठेवलेली. मी तिचा एक हात कोपरापासून कापला, वाकवून छातीशी चिकटवला आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाची झोळी करून गळ्यात अडकवली. काल काकांना वर बोलावलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. झोळी फार पांढरी आहे, म्हणाले; तीन दिवसांची आहे ना, तिच्यावरही धूळ घाल.