साने गुरुजी : आई गेल्यानंतरची सोळा वर्षे



साने गुरुजींवर निबंध लिहायचा म्हटलं की आपण सगळे एकाच रस्त्याने जातो. जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव पालगड, मातृहृदयी लेखक, निबंध संपला. मीही वर्गात कित्येक वर्षं असाच लिहून दिला. पण मागच्या वर्षी एक गोष्ट घडली आणि गुरुजींचं चरित्र मला पुन्हा उघडावं लागलं.

आमची शाळा भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. चौथीच्या वर्गाला मी 'माझी आई' हा निबंध दिला होता. एक मुलगी वही घेऊन टेबलाजवळ आली आणि मी कोणावर लिहू, असं हळूच विचारू लागली. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली. मी पटकन सांगून टाकलं, आजीवर लिही. तिने आजीवर लिहिलं, मी बरोबरची खूण केली. संध्याकाळी धानाच्या बांध्यांमधून घरी परत येत होतो, पण ते काही डोक्यातून जाईना. आई नसली की तिच्यावर लिहायचं नसतं, असंच मी तिला शिकवलं होतं ना?

आता गुरुजींकडे या. पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. कोकणात दापोली तालुक्यात पालगड हे त्यांचं गाव. घराणं खोतांचं, पण गुरुजींच्या लहानपणी घर कर्जात बुडत चाललं होतं. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. शिक्षणासाठी या पोराची वणवण झाली. आधी दापोली, मग औंध, मग पुणे. घरून पैसा यायचा नाही, हाताने रांधून खायचं आणि अभ्यास करायचा.

१९१७ साली यशोदाबाई गेल्या. पांडुरंग तेव्हा पुण्यात शिकत होता, वयाला अठरा पुरी व्हायची होती. आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता.

इथे जरा थांबा. निबंधात आपण हे वाक्य लिहितो आणि पुढे जातो, पण गुरुजी मात्र इथून पुढे गेले नाहीत, असं मला वाटतं. ज्याला शेवटची भेट मिळाली नाही, त्याच्या मनात काहीतरी द्यायचं राहून जातं. तुमच्याही घरात असं कोणी असेल, नोकरीच्या गावाहून उशिरा पोचलेलं. त्या माणसाला विचारून बघा.

गुरुजींनी ते राहिलेलं देणं कसं दिलं? एम. ए. झाल्यावर १९२४ मध्ये ते खानदेशातल्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पोरं खेळायला गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेले कपडे घडी करून ठेवायचे, कोणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायचे. मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढायचे. ही सगळी आईची कामं होती, बरं का. आई गेली होती, पण तिची कामं मुलाच्या हातात उतरली होती. आपण शिक्षक मंडळी गुरुजींचं नाव घेतो, पण पोरांच्या खोलीतला केर किती जण काढतो? मी नाही काढत, खरं सांगतो.

सहा वर्षांनी, १९३० मध्ये, गुरुजींनी नोकरी सोडली आणि मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली. मग तुरुंगच तुरुंग. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचनं देत होते आणि ती लिहून घेणारे हात गुरुजींचे होते. गंमत बघा, विनोबांनी 'गीताई' लिहिली तीही आईसाठीच. आईला संस्कृत गीता समजत नव्हती, आणि मराठी गीताई तयार झाली तेव्हा ती माउली जगात नव्हती. आई गेलेली दोन मुलं एकाच तुरुंगात, एक बोलतोय आणि एक लिहितोय.

पुढच्याच वर्षी गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीला पुरं केलं. अवघे पाच दिवस! पण मनात ते सोळा वर्षं शिजत होतं, हे विसरू नका. श्याम मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत. शेवटच्या रात्रीला गुरुजींनी आईचे स्मृतिश्राद्ध असं नाव दिलं आहे.

आणि त्यात आहे काय? मोठं असं काहीच नाही. अंघोळीनंतर पाय मळू नयेत म्हणून आईने दगडावर पसरलेला पदर. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला तिने दिलेला फोकाचा मार, आणि नंतर तिचेच भरून आलेले डोळे. भाजीत मीठ घालायचं राहिलं आणि वडील एक शब्द न बोलता जेवले, ती गोष्ट. पत्रावळ नीट लावता येत नाही म्हणून झालेली फजिती. आई फार प्रेमळ होती, एवढंच लिहिलं असतं तर ते पुस्तक कोणी वाचलं असतं?

एक आठवण मात्र मी मुलांना नेहमी सावकाश सांगतो. एका म्हातारीला डोक्यावर मोळी चढवता येत नसते. ती त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीची, म्हणून कोणी हात लावत नाही. आई श्यामला पाठवते, मोळी उचलून दे म्हणते, आणि आल्यावर अंघोळ करायलाही सांगते. तिच्या काळात ती तेवढीच पुढे जाऊ शकली. मुलगा मात्र तिथे थांबला नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि मे १९४७ मध्ये त्यांनी दहा दिवस उपोषण केलं. मंदिर उघडलं. आईने सांगितलेल्यातली मोळी त्यांनी ठेवली आणि अंघोळ काढून टाकली! आठवण जपायची म्हणजे आईवडिलांचं सगळंच्या सगळं डोक्यावर घ्यायचं असं नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आपलं जीवन आपणच संपवलं. चौथीच्या वर्गात मी हे सांगत नाही, पण मोठ्या मुलांनी विचारलं तर लपवतही नाही. पुढे १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' चित्रपट काढला, आणि देशात पहिल्यांदाच दिलं गेलेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. पालगडच्या एका गरीब घरातली यशोदाबाई अशी आमच्या झाडीपट्टीतल्या घराघरातही पोचली.

हे सगळं पुन्हा वाचल्यावर मी त्या मुलीला बोलावलं. माझं चुकलं, हे तिला सांगितलं. मग पदराची आणि पत्रावळीची गोष्ट सांगितली, आणि आईवरच लिही म्हटलं, चार ओळी झाल्या तरी चालतील. तिने तीन दिवस वही दाखवली नाही. चौथ्या दिवशी टेबलावर ठेवून पळून गेली.

सात ओळी होत्या. आपल्याकडे पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावतात, तुम्हाला माहीतच आहे. तिने लिहिलं होतं की आई पत्रावळी लावताना काड्या ओठात धरायची, म्हणून त्या वेळी ती बोलत नसे, नुसती मान हलवून हो की नाही ते सांगायची.

शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी लाल पेन खिशातून काढलाच नाही.