पाथेयाविना उत्तरेकडे निघालेले धर्मानंद

दूरच्या प्रवासाला निघणारा माणूस आधी वाट विचारतो, मग पैशाची जुळवाजुळव करतो आणि शेवटी घरच्यांची सोय लावतो. १८९९ च्या अखेरीस गोव्यातील साखवाळ गावातून निघालेल्या धर्मानंद दामोदर कोसंबी यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. वय तेवीस वर्षांचे, शिक्षण जेमतेम मराठी शाळेपुरते, वाडवडिलांची नारळीची बागाईत आणि घरी पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक. 'बालबोध' मासिकात वाचलेल्या एका बुद्धचरित्राने त्यांना अस्वस्थ केले होते. बुद्धाचा धर्म मुळापासून जाणून घ्यायचा, एवढेच ठरले होते. तो शिकवणारा कुठे भेटेल, हे मात्र त्यांना सांगता आले नसते.

तरीही हा प्रवास अगदीच आंधळा नव्हता. पाली शिकवणारा गुरू महाराष्ट्रात मिळणे अवघड होते, तेव्हा आधी संस्कृत पक्के करायचे असा हिशोब त्यांनी मांडला. त्यासाठी पहिला मुक्काम पुणे. प्लेगच्या साथीने पोळलेल्या या शहरात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचा परिचय झाला. पण गाठीला पैसा नसलेल्या विद्यार्थ्याला पुण्यात राहून वर्षानुवर्षे शिकणे परवडणारे नव्हते. काशीत अन्नछत्रे होती, शास्त्री होते आणि तिथे अध्ययनाला फी लागत नसे. उत्तरेची दिशा अशी पोटाच्या आणि विद्येच्या दुहेरी गरजेतून ठरली. वाटेत ग्वाल्हेरला काही काळ थांबून १९०० मध्ये ते काशीला पोहोचले आणि अन्नछत्रातील जेवणावर राहून व्याकरणाचा अभ्यास करू लागले.

काशीत संस्कृत मिळाले, पण बुद्ध मिळाला नाही. ज्या धर्मासाठी घर सोडले, त्याचा जिवंत आचार बघायचा तर हिमालयाकडे जायला हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. नेपाळमध्ये बौद्ध धर्म आहे, असे तेव्हा हिंदुस्थानात सर्वसाधारणपणे मानले जाई. तिथे जाणे मात्र सोपे नव्हते. राणांच्या अमलाखालील नेपाळने परक्यांना दारे बंद ठेवली होती. पशुपतिनाथाच्या शिवरात्रीच्या यात्रेला तेवढी हिंदुस्थानातील यात्रेकरूंना मोकळीक असे. एरवी परवान्यावाचून आत पाऊल टाकता येत नसे.

वाटही तशीच होती. रक्सौलपर्यंत रेल्वे, पलीकडे वीरगंज, आणि मग चारकोशी झाडी नावाने ओळखले जाणारे तराईचे दाट अरण्य. उन्हाळ्यात व पावसाळ्यात तिथला हिवताप माणसे मारी. त्यामुळे शहाणा प्रवासी थंडीतच ते ओलांडत असे. भीमफेदीपासून उभी चढण लागे, मग चिसापानीचा गड, चितलांगची दरी आणि अखेर चंद्रागिरीची खिंड. ती उतरली की काठमांडूचे खोरे. सारा माल हमालांच्या पाठीवर जाई. या डोंगरांतून मोटारीचा त्रिभुवन राजपथ झाला तो १९५६ मध्ये. आज पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन काठमांडूला जाणाऱ्यांना या जुन्या चढणीची कल्पनाही येणार नाही.

१९०२ च्या प्रारंभी, थंडीच्या दिवसांत, काशीतील एका नेपाळी विद्यार्थ्याच्या सोबतीने धर्मानंद नेपाळला गेले. भाषा जाणणारा सोबती, योग्य ऋतू आणि अत्यल्प सामान: निर्धन माणसाला करता येईल तेवढी तयारी त्यांनी केली होती. मोठी चूक गंतव्यस्थानाच्या निवडीत झाली. स्वयंभूनाथाचा स्तूप होता, विहारही होते, पण विहारांतून भिक्षू केव्हाच नाहीसे होऊन गृहस्थ पुरोहितांची कुटुंबे नांदत होती. पाली ग्रंथांचे अध्ययन तर नव्हतेच. दोन वर्षांहून अधिक काळच्या धडपडीनंतर लाभलेले हे दर्शन किती जिव्हारी लागले असेल! त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर कदाचित गोव्याची वाट धरता. घरी परतायला सबळ कारणही होते.

धर्मानंद बुद्धगयेला उतरले. तिथे त्यांना कळले की, पाली शिकायचे तर सिंहलद्वीपाला जावे लागेल. म्हणजे ज्या दिशेने ते निघाले होते, तिच्या नेमक्या उलट! कोलकात्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते त्याच वर्षी कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेश, पुन्हा बुद्धाची तीर्थस्थाने, असे करत १९०६ साली ते कोलकात्याला आले, चीवर उतरवून पाली शिकवू लागले. बाळाबाईंची आणि त्यांची भेट व्हायला इतकी वर्षे जावी लागली. या प्रवासाची खरी किंमत कोणी मोजली, हा प्रश्न धर्मानंदांच्या थोरवीपुढे सहसा विचारला जात नाही. तो विचारायला हवा.

पुढचे आयुष्य बहुतेकांना ठाऊक आहे. कोलकात्यातील अधिक पगाराची नोकरी सोडून त्यांनी महाराजा सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपयांचे साहाय्य पत्करले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून लिहिता येणार होते. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले. तिथे 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचे काम हाती आले. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. ज्या पुण्यातून ते तिच्या शोधात निघाले होते, त्याच पुण्यात! पु. वि. बापट हे त्यांचे येथील विद्यार्थी.

उत्तरेने मात्र त्यांना आणखी एकदा बोलावले. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले, साठाव्या अक्षांशाजवळच्या त्या शहरात बौद्ध विद्येचे अभ्यासक होते. या खेपेला निमंत्रण होते. तरी १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी ते परतले आणि त्यांनी तुरुंगवासही भोगला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे आहार वर्ज्य करून त्यांनी देह ठेवला. 'विसुद्धिमग्ग'ची हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये. आपल्या भटकंतीची हकिगत त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहून ठेवली होती. ती इंग्रजीत नेण्याचे काम शतकभरानंतर त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी केले.