स्टेफी डिसोझा

स्टेफी डिसोझा (जन्म: २६ डिसेंबर १९३६, मृत्यू: ११ सप्टेंबर १९९८) या भारतीय धावपटू व हॉकीपटू होत्या. १९५४ च्या मनिला आशियाई क्रीडा स्पर्धेत ४ × १०० मीटर रिले शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या सदस्य होत्या. १९५८ च्या तोक्यो आशियाई स्पर्धेत त्यांनी २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये भारताकडून सहभागी झालेल्या त्या एकमेव महिला खेळाडू होत. ॲथलेटिक्समधील कामगिरीबद्दल अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या (१९६३). भारतीय महिला हॉकी संघाचे नेतृत्वही त्यांनी केले.

पार्श्वभूमी

डिसोझा यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे. त्यांची जडणघडण पुण्यात झाली. भारतीय ॲथलेटिक्सच्या इतिहासात पुण्याचे स्थान जुने आहे. डेक्कन जिमखान्यावर (स्थापना १९०६) भरलेल्या स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांचे कौशल्य पाहून सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठवण्याचा पुढाकार घेतला. त्या संघात फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार यांच्यासारखे धावपटू होते. मात्र महिला एकही नव्हती. भारतीय महिला धावपटूंना ऑलिंपिकच्या मैदानावर उतरण्यासाठी १९५२ सालची, म्हणजे हेलसिंकी ऑलिंपिकची, वाट पाहावी लागली. तेथे नीलिमा घोष व मेरी डिसोझा यांनी भाग घेतला. स्टेफी डिसोझा या त्यांच्या लगेच नंतर पुढे आलेल्या पिढीतील होत. आडनाव सारखे असल्याने आणि दोघीही धावपटू व हॉकीपटू असल्याने मेरी डिसोझा व स्टेफी डिसोझा यांच्या नावांत अनेकदा गल्लत होते. या दोन वेगळ्या खेळाडू आहेत.

मनिला, १९५४

दुसरी आशियाई क्रीडा स्पर्धा मे १९५४ मध्ये फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे झाली. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या स्पर्धेत महिलांच्या मैदानी शर्यतींवर जपानचे जवळजवळ संपूर्ण वर्चस्व होते व रिलेत भारताला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले होते. मनिला येथे क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स व मेरी डिसोझा या चौघींनी ४९.५ सेकंदांत शर्यत पूर्ण करून सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी स्टेफी डिसोझा यांचे वय सतरा वर्षांचे होते.

रिले शर्यतीत चौघींच्या वैयक्तिक वेगाइतकेच महत्त्व बॅटनच्या देवाणघेवाणीला असते. त्या काळच्या नियमांनुसार बॅटन घेणाऱ्या धावपटूला वीस मीटरच्या ठरावीक पट्ट्यातूनच धावायला सुरुवात करावी लागे. वेग घेण्यासाठी या पट्ट्याआधी दहा मीटरचे अंतर वापरण्याची मुभा १९६३ मध्ये मिळाली. त्यामुळे पूर्ण वेगात येण्यापूर्वीच बॅटन हाती घेणे भाग पडे आणि क्षणभराची चूकही शर्यत घालवण्यास पुरेशी होती. अशा शर्यतीत जपानला मागे टाकून मिळवलेले हे यश आशियाई क्रीडा स्पर्धेतील ॲथलेटिक्समध्ये भारतीय महिलांचे पहिले सुवर्णपदक होते. यानंतरचे सुवर्णपदक मिळण्यास सोळा वर्षे लागली. १९७० साली बँकॉक येथे कमलजीत संधू यांनी ४०० मीटर शर्यत जिंकली.

तोक्यो, १९५८

तिसरी आशियाई क्रीडा स्पर्धा २४ मे ते १ जून १९५८ या काळात तोक्यो येथे झाली. याच स्पर्धेत मिल्खा सिंग यांनी पुरुषांच्या २०० व ४०० मीटर शर्यती जिंकल्या. महिलांच्या २०० मीटर शर्यतीत डिसोझा यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक यजमान जपानकडे गेले. ४ × १०० मीटर रिलेत भारतीय संघाला कांस्यपदक मिळाले व या संघातही डिसोझा यांचा समावेश होता. अशा प्रकारे दोन आशियाई स्पर्धांत मिळून सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी तिन्ही पदके त्यांच्या नावावर जमा झाली.

या दोन्ही स्पर्धांत महिलांसाठी २०० मीटर हीच सर्वांत लांब शर्यत होती. त्यापुढील अंतर महिलांना झेपणारे नाही, हा समज तेव्हा जगभर रूढ होता. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत घेण्यात आली होती. परंतु ती पुढे कार्यक्रमातून वगळली गेली व १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत परत आली नाही. २०० मीटर शर्यतीचा समावेश १९४८ मध्ये, तर ४०० मीटर शर्यतीचा समावेश १९६४ मध्ये झाला.

तोक्यो ऑलिंपिक, १९६४

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मेरी लीला राव यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील भारतीय पथकात मात्र एकही महिला नव्हती. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकसाठी गेलेल्या ५३ भारतीय खेळाडूंपैकी ५२ पुरुष होते. उरलेले एक नाव स्टेफी डिसोझा यांचे होते. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते आणि मनिलातील विजयाला दहा वर्षे उलटली होती.

डिसोझा यांनी महिलांच्या ४०० मीटर शर्यतीत भाग घेतला. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथमच होत असल्याने या अंतरावर धावलेल्या जगातील पहिल्या महिला ऑलिंपिकपटूंमध्ये त्यांची गणना होते. ज्या राष्ट्रीय स्टेडियमवर १९५८ मध्ये त्यांनी आशियाई रौप्यपदक मिळवले होते, तेच स्टेडियम ऑलिंपिकचे मुख्य मैदान होते. प्राथमिक फेरीतच त्यांचे आव्हान संपुष्टात आले. अंतिम शर्यत ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्ट यांनी ५२.० सेकंदांत जिंकली. ब्रिटनच्या ॲन पॅकर दुसऱ्या आल्या. कथबर्ट यांनी मेलबर्न येथे १०० व २०० मीटर शर्यती जिंकल्या होत्या. डिसोझा यांच्याप्रमाणेच त्याही लहान अंतराकडून ४०० मीटरकडे वळल्या होत्या.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पुन्हा एकही भारतीय महिला नव्हती. डिसोझा यांच्यानंतर थेट १९७२ साली म्युनिक येथे कमलजीत संधू यांच्या रूपाने भारतीय महिला धावपटू ऑलिंपिकमध्ये उतरली आणि तीही ४०० मीटर शर्यतीतच.

हॉकी

डिसोझा यांनी ॲथलेटिक्सबरोबरच हॉकीतही भारताचे प्रतिनिधित्व केले व राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद भूषवले. त्या काळात महिला हॉकीला आशियाई किंवा ऑलिंपिक स्पर्धांत स्थान नव्हते. ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी १९८० साली मॉस्को येथे आणि आशियाई क्रीडा स्पर्धेत १९८२ साली दिल्ली येथे सुरू झाली. यामुळे त्यांच्या पिढीतील हॉकीपटूंना पदकांच्या रूपाने नोंदले जाईल असे व्यासपीठ मिळाले नाही आणि डिसोझा यांची हॉकीतील कारकीर्द त्यांच्या धावण्याच्या तुलनेने कमी परिचित राहिली.

अर्जुन पुरस्कार

भारत सरकारने अर्जुन पुरस्कार १९६१ पासून देण्यास सुरुवात केली. पहिल्याच वर्षी हॉकीपटू ॲन लम्सडेन या पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. ॲथलेटिक्ससाठी १९६१ मध्ये गुरबचन सिंग रंधावा व १९६२ मध्ये तरलोक सिंग यांची निवड झाली. १९६३ चा पुरस्कार डिसोझा यांना देण्यात आला.

मृत्यू व वारसा

११ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, स्टेफी डिसोझा यांचे निधन झाले.

डिसोझा यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली. त्या स्पर्धेत महिलांच्या २०० मीटर शर्यतीत आशा रॉय यांनी रौप्य व द्युती चंद यांनी कांस्यपदक मिळवले. ज्या अंतरावर डिसोझा यांनी १९५८ मध्ये भारताला आशियाई रौप्यपदक मिळवून दिले होते, त्याच अंतरावर भारताच्या दोन धावपटू त्यांच्याच शहरात विजयमंचावर उभ्या राहिल्या.

प्रमुख कामगिरी

१९५४ – आशियाई क्रीडा स्पर्धा, मनिला: ४ × १०० मीटर रिले, सुवर्णपदक
१९५८ – आशियाई क्रीडा स्पर्धा, तोक्यो: २०० मीटर, रौप्यपदक
१९५८ – आशियाई क्रीडा स्पर्धा, तोक्यो: ४ × १०० मीटर रिले, कांस्यपदक
१९६३ – अर्जुन पुरस्कार (ॲथलेटिक्स)
१९६४ – ऑलिंपिक, तोक्यो: ४०० मीटर, सहभाग