दुखणे अंगावर काढू नये

कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी 14 जानेवारी 1896 रोजी जन्मलेले चिंतामणराव देशमुख मराठी माणसाला आठवतात ते मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे बाणेदार पुरुष म्हणून. मेघदूत मराठीत आणणारे रसिक संस्कृतज्ञ म्हणूनही त्यांची ख्याती आहे. परंतु त्यांच्या हातून घडलेले एक कार्य सामान्य ठेवीदाराच्या अधिक जिव्हाळ्याचे असून त्याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

1912 साली मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव केंब्रिजला गेले, 1918 साली आय.सी.एस.मध्येही पहिले आले आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात नोकरीस लागले. 1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि 1943 साली तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तो काळ महायुद्धाचा होता. बाजारात पैशाचा पूर आला होता आणि तुटपुंज्या भांडवलावर बँका व त्यांच्या शाखा कुत्र्याच्या छत्रीप्रमाणे उगवत होत्या. तत्पूर्वी, 1938 साली, त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली तेव्हा रिझर्व्ह बँकेपाशी बँकांच्या तपासणीचा पुरेसा अधिकारच नव्हता. वैद्याला पाचारण व्हावे ते रोगी दगावल्यावर, अशी ती अवस्था होती.

चिंतामणरावांच्या कारकिर्दीत ही अवस्था पालटली. 1946 च्या वटहुकुमाने बँकांच्या तपासणीची सोय झाली आणि अहवाल प्रतिकूल आल्यास नव्या ठेवी घेण्यास मनाई करणे सरकारला शक्य झाले. त्याच वर्षी शाखाविस्तारालाही लगाम बसला. मार्च 1949 मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने परवाना, किमान भांडवल आणि तपासणी यांची चौकट पक्की केली. त्यानंतरही बंगालमधील काही बँका कोसळल्याच. पण बुडण्यापूर्वीच हात धरावा, हे तत्त्व या देशात रुजले ते तेव्हापासून.

मात्र हे कुंपण बँकांपुरते होते. त्याबाहेर राहून कर्जे देणाऱ्या वित्तसंस्था वाढत गेल्या. त्यांच्या ठेवींवर रिझर्व्ह बँकेची नजर आली ती 1963 च्या दुरुस्तीने, आणि व्यापक अधिकार मिळाले ते 1997 साली. तरीही 2018 साली आयएल अँड एफएस हा बलाढ्य समूह सुमारे 91 हजार कोटींच्या कर्जाखाली कोसळला, तेव्हा उत्तम पतमानांकनाची झूल त्याच्या पाठीवर अगदी अलीकडेपर्यंत होती.

या धड्यानंतर डिसेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या आणि ठेवी घेणाऱ्या बिगर-बँक वित्तसंस्थांसाठी तातडीच्या सुधारणेची नियमावली जाहीर केली. ती 1 ऑक्टोबर 2022 पासून लागू झाली. सरकारी संस्थाही 1 ऑक्टोबर 2024 पासून तिच्या कक्षेत आल्या. भांडवलाचे प्रमाण 15 टक्क्यांच्या खाली घसरले किंवा निव्वळ थकीत कर्जे 6 टक्क्यांवर गेली की पहिली पायरी लागते. मग लाभांशावर बंधन येते व प्रवर्तकांना भांडवल ओतण्यास सांगता येते. प्रकृती आणखी बिघडली तर नव्या शाखा रोखल्या जातात आणि तिसऱ्या पायरीवर भांडवली खर्चावरही निर्बंध येतात.

या नियमावलीचे आम्ही स्वागत करतो. पण एक इशाराही देणे आमचे कर्तव्य समजतो. हे आकडे संस्थेच्याच वह्यांतून येतात, आणि रोग लपवायचा झाल्यास तो प्रथम तेथेच लपतो. काट्यावरचा आकडा वाचण्यास कारकून पुरतो. वजनातील खोट ओळखून बड्या प्रवर्तकाला थांबवण्यास मात्र निःस्पृह माणूस लागतो. 1956 साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट आणि तेथील गोळीबार असह्य होऊन चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले, ते त्या पदाचा मोह त्यांना नव्हता म्हणूनच. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेली चौकट टिकली आहे. त्या चौकटीत बसणाऱ्यांनी पायरी ओलांडली जाताच कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता पाऊल उचलावे. आयुष्यभराची पुंजी विश्वासाने हवाली करणाऱ्या निवृत्त शिक्षकाचे आणि विधवेचे संरक्षण अखेर त्यावरच अवलंबून आहे.