बेथेलचे नारायण शेषाद्रि

जालन्याजवळच्या बेथेल या गावाच्या नावाचा हिब्रू भाषेतील अर्थ देवाचे घर असा आहे. गाव वसविणाऱ्या रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनी त्याला ना स्वतःचे नाव दिले, ना जमीन देणाऱ्या आश्रयदात्याचे. त्यांच्या आयुष्याचे मर्म या नामकरणात सामावले आहे.

शेषाद्रि जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात ते शिकले व १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता; परंतु तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. या प्रकरणाने मुंबई ढवळून निघाली. नारायणरावांना मात्र घर, ज्ञाती आणि भाऊ ही तिन्ही अंतरली.

एवढा त्याग केलेल्या माणसाला त्या त्यागाचाच अभिमान जडण्याचा धोका असतो. धर्म बदलला म्हणून कुळाचा ताठा आपोआप गळत नाही. १८५४ साली दीक्षित पाळक झालेल्या शेषाद्रींना मुंबईच्या सुशिक्षित वर्तुळात मानाने राहता आले असते. त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे कार्यक्षेत्र निवडले आणि मांग समाजात काम आरंभिले. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसविले. तेथे शेती, शाळा व प्रार्थनामंदिर उभे राहिले. ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांच्यासह ते प्रभुभोजनास बसू लागले. देवापुढे गुडघे टेकणे सोपे असते. शेजारी कोण गुडघे टेकतो हे न पाहणे अवघड असते. शेषाद्रींनी ते अवघड व्रत पत्करले.

१८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते पागोटे घालूनच उभे राहिले. अहंकार सोडणे म्हणजे स्वत्व सोडणे नव्हे, हा विवेक त्यांच्यापाशी होता. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ती समाजातूनही जातीची जाणीव अद्याप पुरती मावळलेली नाही. देवाच्या घरात यजमान एकच असतो आणि बाकीचे सारे पाहुणे, ही बेथेलची शिकवण म्हणूनच जुनी झालेली नाही.