जॉन केम्प स्टार्ले

शाळेच्या आवारांत ओळीनें उभ्या असलेल्या बायसिकली पाहून, या यंत्रावर बसणें हें एके काळीं धाडसाचें काम होतें, असें कोणास वाटणार नाहीं. इ. स. १८८० च्या सुमारास इंग्लंडांत जी बायसिकल प्रचारांत होती, तिचें पुढील चाक माणसाच्या छातीइतकें उंच व मागील अगदींच लहान असे. पायडलें पुढच्या चाकाच्या आंसासच जोडलेलीं असल्यामुळें पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. अर्थात् वेग हवा तर चाक मोठें करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. वाटेंत एखादा दगड आडवा आला कीं स्वार दांडीवरून तोंडघशीं पडे. तरुण व कसलेल्या पुरुषांखेरीज इतरांचें तें वाहनच नव्हतें.

ही स्थिति ज्यानें पालटली, त्या जॉन केम्प स्टार्ले याचा जन्म १८५४ सालीं लंडनजवळ वॉल्थमस्टो येथें एका माळ्याच्या घरीं झाला. १८७२ सालीं तो कॉव्हेंट्रीस आपला चुलता जेम्स याजकडे आला. हा जेम्स मोठा कल्पक कारागीर. शिवणयंत्रें बनवितां बनवितां तो बायसिकलींकडे वळला होता. बारीक तारा ताणून बसविलेलीं चाकें तो करी. तार बारीक असली तरी ताणास खंबीर असते. म्हणून असें चाक हलकें असूनहि भार सोसतें. ही विद्या घेऊन जॉननें १८७७ सालीं विल्यम सटन याच्या भागीदारींत निराळा कारखाना काढला.

१८८५ सालीं त्यानें 'रोव्हर' बायसिकल लोकांपुढें मांडली. पायडलें दोन्ही चाकांच्या मध्यें घेऊन त्यानें साखळीनें मागील चाक फिरविलें. पायडलाच्या दातेरी चक्रास दांते अधिक व मागच्यास कमी, त्यामुळें पायाच्या एका फेऱ्यांत चाक एकाहून अधिक फेरे घेई, आणि उंच चाकाचें कारणच उरलें नाहीं. येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मागील चाकास साखळी लावण्याचा प्रयोग हॅरी लॉसन यानें १८७९ सालींच केला होता. पण त्याची गाडी चालली नाहीं. बैठक, दांडी व पायडलें यांचें परस्परांशीं प्रमाण जमविणें, हें खरें कठीण काम, व तें स्टार्लेचें. तेंहि एका दमांत जमलें नाहीं. पहिल्या नमुन्यांत दांडी सळ्यांनीं पुढील चाकास जोडलेली होती. पुढच्या नमुन्यांत चाकाचा चिमटा तिरपा करून दांडी थेट त्यालाच बसविली.

हें बुटकें यंत्र वेगांत टिकेल काय? याचें उत्तर देण्यास स्टार्लेनें त्याच वर्षीं सप्टेंबरांत शंभर मैलांची शर्यत लावली. जॉर्ज स्मिथ या स्वारानें तें अंतर 'रोव्हर' वरून सात तासांहून थोड्याच अधिक वेळांत तोडून नवा विक्रम केला. लहान चाकांस हादरे फार बसत; तो दोष १८८८ सालीं डनलॉपच्या हवेच्या धावांनीं दूर केला. पुढें स्त्रियाहि बायसिकलीवर दिसूं लागल्या.

१९०१ सालच्या ऑक्टोबरांत, वयाच्या ४६ व्या वर्षीं, स्टार्ले अकस्मात् वारला. त्याचा कारखाना १९०४ सालापासून मोटारी करूं लागला व रोव्हर हें नांव मोटारीचेंच होऊन बसलें. २००५ सालीं ती कंपनीहि बुडाली. पोलंडांत मात्र आजहि कोणत्याहि बायसिकलीस 'रोवेर' असेंच म्हणतात.